खेळासाठीच्या संगणकाचा प्रोसेसर : पेडणे-डिचोलीच्या संदर्भातील प्रस्तावना

खेळासाठीच्या संगणकाला कोणता प्रोसेसर घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातला किरकोळ व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की संगणकशास्त्र, उष्णतेचे गणित, वीजपुरवठ्याची स्थिती, घराची बांधणी आणि कुटुंबाची ऐपत अशा एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभ्या न राहणाऱ्या विषयांची त्यात गाठ पडते. या विषयावरच्या प्रचलित लेखनात प्रोसेसरांची क्रमवारी लावलेली असते आणि वाचकाने आपल्या खिशाला परवडेल त्या पायरीवर थांबावे, अशी अपेक्षा असते. ही क्रमवारी खोटी नसते. मात्र ती ज्या खोलीत सिद्ध होते ती बहुधा वातानुकूलित असते, तिथली वीज स्थिर असते, आणि प्रोसेसरांमधला फरक ठळक दिसावा म्हणून चाचणीच्या संगणकात बाजारातले सर्वांत ताकदवान ग्राफिक कार्ड मुद्दाम बसवलेले असते. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या घरात या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच आढळतात. त्यामुळे त्या क्रमवारीत पहिला आलेला प्रोसेसर इथेही पहिला ठरेलच असे नाही, किंबहुना बहुतेक वेळा तो ठरत नाही, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या दरम्यान वसलेला पेडणे तालुका आणि त्याच्या आग्नेयेस पसरलेला डिचोली तालुका हे दोन्ही नव्या काबिजादींतले, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेले प्रदेश आहेत, आणि शाळा, वाचनालये, भजनी मंडळे व उत्सवी नाटके यांच्याद्वारे मराठी तिथे आजही खोलवर रुजलेली आहे. घरात संगणक येण्याचा इथला इतिहास मात्र फार जुना नाही. गोवा सरकारने २००२ मध्ये सुरू केलेल्या सायबरएज योजनेने अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती सवलतीत संगणक दिला, आणि ज्या कुटुंबांत तोवर दूरचित्रवाणी संच हेच सर्वांत गुंतागुंतीचे यंत्र होते त्यांतल्या अनेकांच्या घरी कीबोर्ड आणि माउस याच मार्गाने पोचले. योजनेचा हेतू अभ्यासाचा होता, हे खरे. पण अभ्यासाच्या संगणकावर खेळ बसवला गेला नाही असे जगात कुठे घडले नाही, तेव्हा गोव्यातच ते घडेल अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. त्याच सुमारास सायबर कॅफेंमध्ये शेजारशेजारचे संगणक केबलने जोडून काउंटर-स्ट्राइक आणि एज ऑफ एम्पायर्स २ खेळणारी पिढी तयार झाली. पुढे खेळ मोबाइलवर गेला, आणि आज संगणकाकडे वळणारा तरुण बहुधा मोबाइलवरच्या खेळांत तरबेज होऊनच वळतो. मोबाइलच्या दुकानात प्रोसेसर निवडावा लागत नाही, कारण तो यंत्राच्या पोटातच बसून येतो. सुटे भाग आणून जुळवलेल्या, म्हणजे बोलीभाषेत ‘असेंबल’ केलेल्या संगणकाच्या वेळी ही निवड प्रथमच गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

प्रोसेसर म्हणजे सूचना एकामागून एक वाचून त्या पार पाडणारा संगणकाचा मुख्य घटक, ही व्याख्या शालेय पुस्तकातही सापडते. खेळाच्या संदर्भात मात्र त्याचे काम अधिक नेमकेपणाने पाहावे लागते. पडद्यावर दिसणारी हालचाल ही प्रत्यक्षात वेगाने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका असून त्यातल्या प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.६७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी साधारण सतरा भाग मिळतात, आणि १४४ फ्रेम हव्या असतील तर अवघे ६.९४. काउंटर-स्ट्राइक २ सारख्या नेमबाजीच्या खेळात खेळाडूने माउसचे बटण दाबले की या अल्पावधीत प्रोसेसरला ती कळ वाचावी लागते, गोळीची रेषा काढून ती भिंतीला लागली की प्रतिस्पर्ध्याला हे तपासावे लागते, दूरच्या सर्व्हरवरून आलेले इतर खेळाडूंच्या स्थानांचे निरोप उलगडावे लागतात, कोणता आवाज कोणत्या कानाला किती मोठा ऐकू यावा हे ठरवावे लागते, आणि मग चित्रात काय काय कोठे काढायचे याच्या आज्ञांची यादी करून ती ग्राफिक कार्डाच्या स्वाधीन करावी लागते. रंग, छाया, पाण्याची लकाकी ही पुढची सगळी मेहनत ग्राफिक कार्डाची. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्या वेगाने खेळ चालतो, आणि जो पुढे असेल तो उरलेला वेळ स्वस्थ बसून काढतो. प्रोसेसरच्या निवडीचे बहुतेक सगळे तात्पर्य या एका वाक्यातून निघते, तरीही खरेदीच्या वेळी सर्वांत लवकर विसरले जाते ते हेच.

कोणता घटक मागे पडतो हे ओळखण्याची रीत सोपी आहे. चित्राची सूक्ष्मता, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, खेळाच्या सेटिंगमधून कमी करून पाहावी. ठिपके कमी झाले की ग्राफिक कार्डाचे ओझे उतरते, प्रोसेसरचे मात्र जवळपास तेवढेच राहते. तेव्हा फ्रेम वाढल्या तर अडथळा कार्डाचा होता आणि जेथल्या तेथे राहिल्या तर प्रोसेसरचा, असा निष्कर्ष काढता येतो. याउलट विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ३० टक्के दिसतो म्हणून प्रोसेसर पुरेसा आहे असे मानणे हा सरसकट आढळणारा गैरसमज आहे. तो आकडा सर्व गाभ्यांची सरासरी असतो, आणि एक गाभा घामाघूम होऊन बाकीचे बसून असले तरी सरासरी कमीच दिसते.

‘गाभा’ किंवा कोअर म्हणजे एकाच प्रोसेसरच्या आत बसवलेले स्वतंत्र गणन-यंत्र होय. अशी अनेक यंत्रे एका तुकड्यावर बसवण्याची वेळ का आली, याचा इतिहास उद्बोधक आहे. इंटेलने १९७१ मध्ये आणलेल्या ४००४ या प्रोसेसरात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. १९९३ च्या पेंटियमचे ठोके सेकंदाला ६ कोटी ६० लाखांपर्यंत, म्हणजे ६६ मेगाहर्ट्झपर्यंत गेले आणि २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले. अकरा वर्षांत वेग सत्तावन्न पटींनी वाढला. त्यानंतरच्या दोन दशकांत तो ६ गिगाहर्ट्झच्या आसपास पोचला, म्हणजे दुप्पटही झाला नाही. कारण उष्णतेचे होते: प्रोसेसरला लागणारी वीज ही ठोक्यांच्या वेगाच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि तोवर दर पिढीगणिक उतरत आलेला दाब त्या सुमारास उतरेनासा झाला. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत २००४ च्या ऑक्टोबरातच सोडून दिला. वेग वाढवता येईना तेव्हा गाभे वाढवण्यात आले. मराठी वाचकाला यातली एक बाब जवळची वाटेल, ती अशी की पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व ज्यांच्याकडे होते ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. आणि त्याहून गमतीची बाब अशी की इंटेल सोडल्यावर ते नेक्सजेन या कंपनीत गेले, ती एएमडीने विकत घेतली, आणि १९९७ च्या ज्या के६ ने एएमडीला पेंटियमसमोर उभे केले त्याच्यामागेही हेच गृहस्थ होते. इंटेल की एएमडी, या वादात आज हिरिरीने उतरणाऱ्या बहुतेकांना दोन्ही बाजूंचा हा समान पूर्वज ठाऊक नसतो.

गाभे वाढले म्हणून खेळ त्या प्रमाणात वेगाने चालत नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार एखाद्या कामातला जो भाग वाटून देता येत नाही तो एकूण वेगाला मर्यादा घालतो. फ्रेमच्या कामापैकी ६० टक्के भाग गाभ्यांत वाटता येतो आणि ४० टक्के एकालाच क्रमाने करावा लागतो असे उदाहरणादाखल धरले, तर सहा गाभ्यांवर एकूण वेळ मूळच्या निम्मा होतो आणि बारा गाभ्यांवर तो ४५ टक्क्यांवर येतो. गाभे दुप्पट, लाभ अकरा टक्के. गोळीबाराचा हिशेब झाल्याशिवाय कोण पडले हे कळत नाही आणि कोण पडले हे कळल्याशिवाय त्याचे चित्र काढण्याची आज्ञा देता येत नाही, अशी कामांची उतरंडच खेळात असल्यामुळे ही मर्यादा कधीच पूर्णपणे हटत नाही. म्हणून आजच्या बहुतेक खेळांना सहा गाभे पुरतात, आठ असले तर पुढल्या काही वर्षांची सोय होते, आणि बारा किंवा सोळा गाभ्यांचा प्रोसेसर हा चित्रफिती संपादित करणाऱ्याचा किंवा त्रिमितीय आकृत्या घडवणाऱ्याचा असतो. केवळ खेळणाऱ्याने त्यावर खर्च केलेले पैसे ग्राफिक कार्डाच्या वाट्यातून वजा होतात. इंटेलने २०२१ च्या बाराव्या पिढीपासून दोन जातींचे गाभे एकत्र बसवले, त्यांतले काही जोरकस आणि काही काटकसरी. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या गाभ्यांच्या बेरजेतले किती जोरकस आहेत, हे विचारल्यावाचून त्या बेरजेला अर्थ उरत नाही.

गाभ्यांच्या संख्येपेक्षा खेळांना अधिक मानवते ती ‘कॅश’, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच असलेली अतिशय वेगवान पण लहानशी स्मृती. मुख्य स्मृतीतून, अर्थात रॅममधून एखादी नोंद आणायला सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद लागतात, तर कॅशच्या तिसऱ्या स्तरातून ती दहाएक नॅनोसेकंदांत मिळते. खेळात शेकडो पात्रांच्या आणि वस्तूंच्या विखुरलेल्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळाव्या लागत असल्याने प्रोसेसरचा बराच काळ गणनेत न जाता या प्रतीक्षेत जातो. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरात मूळच्या ३२ मेगाबाइट कॅशवर आणखी ६४ मेगाबाइटचा थर रचून ती ९६ केली. या थरामुळे उष्णता बाहेर पडायला अडथळा होई, म्हणून त्याचा वेग त्याच्या साध्या भावंडापेक्षा कमी ठेवावा लागला. तरीही खेळांत तो सरस ठरला, आणि गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून प्रोसेसर जोखण्याच्या जुन्या सवयीला बसलेला हा बहुधा सर्वांत सणसणीत तडाखा होता. नोव्हेंबर २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये तो थर गाभ्यांच्या खाली सरकवण्यात आला आणि उष्णतेची ती अडचणही बरीचशी दूर झाली. मात्र या जातीच्या प्रोसेसरांचा लाभ घ्यायला ग्राफिक कार्डही तितकेच तगडे असावे लागते. मध्यम कार्डासोबत, १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर सायबरपंक २०७७ सारखा चित्रसमृद्ध खेळ खेळणाऱ्याला साध्या सहा गाभ्यांच्या रायझन ५ ५६०० मध्ये आणि त्याच्या कैक पट किमतीच्या प्रोसेसरमध्ये फारसा फरक जाणवणार नाही, कारण वाट पाहायला लावणारे तिथे कार्ड असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला खेळ तर याहून साध्या प्रोसेसरवरही सुखाने चालतो.

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही देशातल्या वाचकाला लागू पडावे असे आहे. यापुढचे तसे नाही. प्रोसेसरचे तापमान खोलीच्या तापमानावर स्वार होऊन वाढते. ज्या खोलीत २१ अंशांना चाचणी होऊन प्रोसेसर ७० अंशांवर स्थिरावल्याची नोंद झाली, त्याच पंख्यासह तोच प्रोसेसर ३३ अंशांच्या खोलीत सुमारे ८२ अंशांवर जातो. पेडणे-डिचोलीतली चिऱ्याच्या भिंतींची कौलारू घरे हवेशीर असतात खरी, पण नव्या सिमेंटच्या घरात वरच्या मजल्यावर गच्चीखाली एप्रिल-मे महिन्यांत दुपारी काय स्थिती असते, हे इथल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. प्रोसेसर ठरावीक मर्यादेला पोचला की स्वतःचा वेग आपोआप उतरवतो. म्हणजे जास्त पैसे देऊन विकत घेतलेला वेग ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, जेव्हा खेळायला वेळ असतो नेमका तेव्हाच, काढून घेतला जातो. खोक्यावर छापलेला वॅटचा आकडा या बाबतीत पुरेसा मार्गदर्शक नसतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा ६५ वॅटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो, इंटेलच्या आय५-१२४०० ची मर्यादा ११७ वॅट आहे, आणि आय९-१४९००के ची २५३ वॅट. यातला शेवटचा आकडा पेलायला पाण्याने थंड ठेवणारी यंत्रणा लागते, आणि ती बिघडली तर सुटा भाग म्हापशात किंवा पणजीत मिळाला नाही की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडकडे किंवा कुरियरकडे डोळे लावून बसावे लागते. साधा धातूच्या पात्यांचा आणि एका पंख्याचा कूलर मात्र कोणत्याही तालुक्याच्या गावी बदलता येतो.

हवेतला दमटपणा प्रोसेसरला थेट तापवत नाही, पण त्याच्या भोवतालच्या भागांचे आयुष्य कमी करतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत कपाटातल्या चामड्याला बुरशी येते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच हवेत मदरबोर्डवरचे, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवरचे, धातूचे जोड आणि रॅमचे सोनेरी स्पर्शबिंदू उघडे असतात, याकडे मात्र लक्ष जात नाही. पेडण्याच्या किनारपट्टीला, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांत यात समुद्राच्या खाऱ्या कणांची भर पडते. मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि ओल्या मिठाच्या थरातून वीज झिरपते, म्हणून किनाऱ्यालगतचा बंद राहिलेला संगणक चालू राहिलेल्यापेक्षा लवकर खराब होतो: चालू संगणकाची ऊब ओल धरू देत नाही. डिचोलीचा प्रश्न वेगळा आहे. खाणींच्या पट्ट्यात, विशेषतः खनिजाची वाहतूक होणाऱ्या रस्त्यांच्या कडेला, कूलरच्या पात्यांमध्ये बसणारी धूळ बारीक, जड आणि लाल असते. २०१२ मध्ये थांबलेले आणि मधल्या काळात न्यायालयीन निर्णयांनी हेलकावे खाल्लेले खाणकाम २०२२ च्या अखेरीस झालेल्या लिलावानंतर पुन्हा मार्गी लागल्यापासून हा मुद्दा पुन्हा प्रस्तुत झाला आहे. पात्यांच्या फटी या धुळीने भरल्या की हवा आत शिरत नाही आणि ज्या प्रोसेसरला मुळातच कमी उष्णता टाकायची आहे तोच अशा स्थितीत निभावतो. समोर जाळी असलेले कॅबिनेट घेऊन त्यामागे धुता येण्याजोगा फिल्टर लावणे आणि ब्लोअरने महिन्या-दोन महिन्यांनी धूळ उडवणे, एवढ्याने पुष्कळ काम होते. काचेने चहूबाजूंनी बंद केलेली दिखाऊ कॅबिनेटे या हवेला मुळीच योग्य नाहीत.

विजेच्या बाबतीत गोवा स्वतःची गरज मुख्यतः राज्याबाहेरून येणाऱ्या पुरवठ्यावर भागवतो. परंतु इथल्या घरात दिवे जातात ते बहुधा त्या कारणाने नव्हे, तर पावसाळ्यात माडाची झावळी किंवा फणसाची फांदी तारांवर पडल्यामुळे. घरात इन्व्हर्टर असला म्हणजे संगणक सुरक्षित आहे, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, बाहेरची वीज गेल्यावर स्वतःच्या साठ्यावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. (सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबाने नेमकी एक फ्रेम, हा योगायोग खेळाडूंना आवडेल.) घरगुती इन्व्हर्टर साध्या स्थितीत असेल तर विजेवरून बॅटरीवर यायला त्याला याहून अधिक वेळ लागतो आणि संगणक पुन्हा सुरू होतो; त्याच्या मागच्या बाजूचे बटण ‘यूपीएस’ असे लिहिलेल्या बाजूला असेल तर तो वेळ दहाएक मिलिसेकंदांवर येऊन यंत्र तरते. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही, हाही मुद्दा जमेस धरावा लागतो. संगणकासाठी वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस घेतला तर तो साधारण ३६० वॅटचा भार उचलतो. ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर आणि १३० ते १७० वॅटचे ग्राफिक कार्ड यांचा संगणक पडद्यासह या मर्यादेत बसतो. २५३ वॅटच्या प्रोसेसरने ती मर्यादा कार्ड जोडण्यापूर्वीच बहुतांशी संपवलेली असते. प्रोसेसर निवडताना यूपीएसची किंमत त्याच्याच खात्यावर मांडली, तर क्रमवारीतल्या वरच्या पायऱ्या वाटल्या त्यापेक्षा बऱ्याच महाग निघतात.

ऑनलाइन खेळणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक भ्रम दूर करावा लागतो. व्हॅलोरंटसारख्या खेळाचे सर्व्हर मुंबईत आहेत, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जात असल्याने पेडण्याहून सहाशे किलोमीटरच्या केबलने मुंबईला जाऊन परत यायला त्याला केवळ सहा मिलिसेकंद लागतात. बाकीचा विलंब वाटेतली यंत्रे आणि घरातले वाय-फाय यांचा असतो. वीत-दीड वीत जाडीच्या चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडताना वाय-फायचा संकेत दुबळा होऊन विलंब क्षणाक्षणाला तीस-चाळीस मिलिसेकंदांनी हेलकावू लागला, तर एका फ्रेममागे एखादा मिलिसेकंद वाचवणारा प्रोसेसर त्यावर काहीही इलाज करू शकत नाही. राउटरपासून संगणकापर्यंत केबल ओढणे, हा त्यावरचा उपाय काही शे रुपयांत होतो.

आता नावांच्या शेवटी येणाऱ्या अक्षरांकडे वळले पाहिजे, कारण पैशाची खरी बचत आणि खरी फसगत दोन्ही तिथेच होतात. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो आणि वेगळे ग्राफिक कार्ड घेणाऱ्याला सर्वत्र त्याचीच शिफारस केली जाते. महानगरात ती शिफारस रास्त आहे. परंतु कार्ड बिघडून वॉरंटीत पाठवले आणि ते परत यायला तीन-चार आठवडे लागले, तर ‘एफ’ प्रोसेसरचा संगणक तेवढे दिवस काळा पडदा दाखवत बसतो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचे कॉलेजचे काम किंवा हिशेब त्याच यंत्रावर असतील तर ही केवळ खेळाची गैरसोय राहत नाही. शिवाय पडदा काळा का झाला, दोष कार्डाचा की मदरबोर्डाचा, हे जवळ दुसरे कार्ड नसताना शोधण्याचा एकमेव सोपा मार्ग म्हणजे प्रोसेसरमधली ही अंगभूत सोय. दुरुस्तीच्या ठिकाणापासून दूर असलेल्या घरात ‘एफ’ टाळण्यासाठी थोडे जास्त पैसे देणे शहाणपणाचे आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. एएमडीच्या बाबतीत ५६०० मध्ये ही सोय नाही, २०२२ पासूनच्या ७००० मालिकेतल्या बहुतेकांत ती अगदी जुजबी आहे, आणि ५६००जी सारख्या ‘जी’ अक्षराच्या प्रोसेसरात ती इतकी सबळ आहे की वेगळे कार्ड न घेताही व्हॅलोरंट आणि ग्रँड थेफ्ट ऑटो ५ बेताच्या सेटिंगवर चालतात. त्या बदल्यात ५६००जी ची कॅश निम्मी, म्हणजे १६ मेगाबाइट असते. आज कार्डापुरते पैसे नाहीत, पुढच्या चवथीला पाहू, असा विचार करणाऱ्यासाठी ही तडजोड पटण्यासारखी आहे. मात्र अशा प्रोसेसरसोबत रॅमची एकच पट्टी न घेता निम्म्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात, कारण त्याचा चित्र काढणारा भाग मुख्य स्मृतीवरच जगतो आणि दोन पट्ट्यांनी त्याच्याकडे जाणारा रस्ता दुप्पट रुंद होतो.

प्रोसेसर एकटा विकत घेतला जात नाही. त्याच्यासोबत सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरचे त्याचे बैठकीचे स्थान, आणि त्या सॉकेटला चालणारी रॅम विकत घेतली जाते. २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत रूढ झालेले एएम४ सॉकेट पाच वर्षांनी आलेल्या ५८००एक्स३डी लाही चालले, आणि ज्याने सुरुवातीला साधा प्रोसेसर घेतला होता त्याला बाकी सगळे तेच ठेवून शेवटी उत्तम प्रोसेसर बसवता आला. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत टिकले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या सॉकेटने त्याची जागा घेतली. २०२२ चे एएम५ केवळ डीडीआर५ जातीची रॅम स्वीकारते, आणि २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून आलेल्या मागणीमुळे रॅमच्या किमती जगभर भडकल्या, तेव्हा प्रोसेसर निवडण्याचा प्रश्न पुष्कळांसाठी एकाएकी रॅम परवडण्याचा प्रश्न होऊन बसला. जुनी डीडीआर४ पट्टी घरात असलेल्याने एएम४ वरच राहणे त्या स्थितीत समंजसपणाचे ठरते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या जोरकस प्रोसेसरांत गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब मागितला जाण्याचा दोष २०२४ मध्ये मान्य झाला, त्यावर मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची दुरुस्ती निघाली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. म्हणून या पिढ्यांचा मदरबोर्ड घेतल्याबरोबर त्याचे बायोस, म्हणजे त्यातले मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घेणे अगत्याचे आहे, आणि वापरलेला प्रोसेसर घेताना तो या दुरुस्तीपूर्वी किती काळ चालला हे कळण्याचा मार्ग नसल्यामुळे तो न घेणेच बरे.

वापरलेल्या मालाचा बाजार हा या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांचा मोठा आधार आहे, तेव्हा त्याबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. कार्यालयांतून निघालेले इंटेलच्या चौथ्या ते सातव्या पिढीचे संगणक स्वस्तात मिळतात आणि त्यांत मध्यम कार्ड घालून काउंटर-स्ट्राइक खेळता येते, ही गोष्ट खरी असली तरी विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरांना स्वीकारते, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० या सुरक्षा-घटकाशिवाय सुरू होत नाही. पिढी ओळखण्याची खूण अशी की आय५-६५०० मधला पहिला अंक सहावी पिढी सांगतो आणि आय५-१२४०० मधले पहिले दोन अंक बारावी. ‘आय७ आहे’ एवढे ऐकून दहा वर्षांपूर्वीचा माल नव्या आय३ पेक्षा सरस समजणारे गिऱ्हाईक विक्रेत्याला हवेच असते, प्रत्यक्षात चार गाभ्यांचा आय३-१२१०० जुन्या आय७-३७७० ला सहज मागे टाकतो. एएम४ चा प्रोसेसर हाती आला तर त्याच्या तळाशी १३३१ पिना असतात. त्या एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहायला प्रोसेसर डोळ्याच्या पातळीवर आडवा धरून कडेने उजेड टाकावा, वाकलेली पिन ओळीतून लगेच वेगळी दिसते. इंटेलच्या आणि एएम५ च्या बाबतीत पिना मदरबोर्डच्या सॉकेटात असल्याने तीच तपासणी तिकडे करावी लागते. संगणक विक्रेत्याच्या घरी चालू स्थितीत पाहायला मिळाला आणि प्रोसेसर तिथेच काढून घ्यायचा असला, तर पंधरा-वीस मिनिटे एखादा खेळ चालवून तो तापवावा, मग संगणक बंद करून प्लग काढावा आणि कूलर सरळ वर न ओढता हलकेच डावीउजवीकडे फिरवून सोडवावा. कारण एएम४ मध्ये थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असली की थंड कूलरला चिकटून प्रोसेसर बंद खटक्यातूनही उपटून वर येतो, आणि त्या झटक्यात वाकलेल्या पिनांची जबाबदारी मग ना विक्रेता घेतो ना कंपनी.